चार तासांची गोळी

अब्बांचं दुखणं आम्ही तिघा भावंडांनी वाटून घेतलं होतं. रात्र थोरल्याची, पहाट बहिणीची, दिवस धाकट्याचा. धुळ्यात यंत्रमागावर अब्बांचा जन्म गेला, तोंडात कायम तंबाखू. २०११ साली जबड्याचा कॅन्सर निघाला तेव्हा उशीर झाला होता.

रात्री ते भिंतीवर मूठ आपटत. ट्रामाडॉल पुरेना. मॉर्फिनचं नाव काढताच डॉक्टर म्हणाले, "लिहून दिलं तर पोलीस माझ्या दारात येतील. शिवाय सवय लागेल." पारोळा, एरंडोल करत एस.टी.नं जळगाव गाठलं. तिथंही नकारच.

तेव्हा राग आला होता. आज ती भीती कळते. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याची सजा कडक, मॉर्फिन ठेवायला परवान्यांवर परवाने. शेजारच्या मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला सरकारच्या परवानगीनं अफू पिकते. आमच्या अब्बांना मात्र त्यातली एक गोळी मिळत नव्हती.

शेवटी मुंबईला टाटा हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरबाईंनी आधी अब्बांनाच विचारलं, "दहापैकी किती दुखतं?" अब्बांनी दोन्ही पंजे उघडले. दर चार तासांनी मॉर्फिन, सोबत पोट साफ होण्याचं औषध.

घरी आल्यावर चूक आमची झाली. नशेची चीज म्हणून अम्मी घाबरली. आम्हीही दुखू लागेपर्यंत गोळी लांबवू लागलो. मग मशिदीतल्या मौलानांनी समजावलं, "नशा अलग, दवा अलग." त्या दिवसापासून घड्याळ लावून गोळी दिली. तिसऱ्या रात्री अब्बा झोपले. सकाळी चहा मागितला.

२०१४ साली कायदा सैल झाला, अनेक परवान्यांचं एकावर आलं. पण डॉक्टरांची भीती कायद्याबरोबर जात नाही, आणि ती अगदीच खोटीही नाही. अमेरिकेत कंपनीच्या प्रचाराला भुलून डॉक्टरांनी ऑक्सिकॉन्टिन सढळ हातानं लिहिलं आणि घरंच्या घरं बुडाली. आमच्या गल्लीच्या टोकालाही कोडीनच्या खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या पडलेल्या असतात. पिणारी पोरं आमचीच.

म्हणून डॉक्टरांनी डोळे मिटून लिहावं असं आम्ही म्हणत नाही. किती दुखतं, एवढं विचारावं. मग लिहावं, आणि पुन्हा बोलावून पाहावं. अब्बांना दफन करून आलो, तेव्हा डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. चाळिसाव्यानंतर थोरला मुंबईला गेला आणि मोजून परत देऊन आला.