बोम्मसंद्रा येथील दंडाची पावती

बेंगळूरुच्या दक्षिणेस होसूरकडे जाणारा जो राजमार्ग आहे, त्याच्या काठी बोम्मसंद्रा नावाचे गाव वसले आहे. कन्नड प्रदेशात ‘संद्रा’ हा प्रत्यय असलेली गावे पुष्कळ. हा शब्द ‘समुद्र’ याचेच बोलीतले रूप असून समुद्र म्हणजे येथे तलाव, असे जाणते लोक सांगतात. एके काळी नाचणी पिकविणाऱ्या या मुलुखात आज यंत्रांची घरघर ऐकू येते. कर्नाटक औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाने येथे औद्योगिक वसाहत उभारली. २००० साली डॉ. देवी शेट्टी यांनी स्थापिलेले नारायण हृदयालय याच परिसरात आहे. भाकरीच्या शोधात देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येथे येतात. आमचा भाचाही त्यांतलाच एक. कोल्हापूरकडचा हा मुलगा दोन वर्षांपासून येथील एका कारखान्यात लेथ यंत्रावर काम करतो.

त्याच्याकडे जाण्याचा योग नुकताच आला. कोल्हापूरहून बेळगाव, हुबळी, चित्रदुर्ग असा रात्रीचा प्रवास करून सकाळी बेंगळूरु गाठले. पुढची वाट आता सुखाची झाली आहे. १० ऑगस्ट २०२५ रोजी मेट्रोच्या पिवळ्या मार्गाचे उद्घाटन झाले. आर. व्ही. रोड ते बोम्मसंद्रा हा एकोणीस किलोमीटरांचा, सोळा स्थानकांचा मार्ग. उंचावरून धावणाऱ्या गाडीतून खाली पाहावे, तो होसूर रस्त्यावर वाहनांची मुंगीसारखी रांग लागलेली! शेवटच्या स्थानकावर भाचा उभा होता. वाहनतळावर त्याची जुनी स्कूटर होती. तिच्यावरचा कोल्हापूरचा क्रमांक पाहताच आम्ही ओळखले, ही आमच्या दाजींची स्कूटर.

दाजींना जाऊन तीन वर्षे झाली. शाळामास्तर होते, पिवळा दिवा दिसला की पाय टेकून उभे राहणारे. त्यांची आठवण म्हणून मुलाने स्कूटर येथवर आणली होती. परंतु घरी पोहोचल्यावर चहा पिता पिता तो खाली मान घालून म्हणाला, “मामा, ही स्कूटर भंगारात द्यावी म्हणतो. आबांच्या नावावर पाच दंड निघालेत. आईला अजून सांगितलं नाही.”

प्रकरण असे होते. मोटार वाहन कायद्याप्रमाणे परराज्यातील वाहन बारा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्या राज्यात ठेवावयाचे, तर तेथे नव्याने नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला लागतो. त्या खटपटीसाठी त्याने गावाकडे चौकशी केली, तेव्हा थकलेल्या दंडांची वार्ता कळली. इतके दिवस ती कळली का नाही? कारण दंडाचे संदेश वाहनाच्या नोंदीतील भ्रमणध्वनीवर जात होते, आणि तो दाजींचा क्रमांक त्यांच्यामागे बंद झाला होता. जिवंतपणी एकदाही न चुकलेल्या माणसाच्या नावावर मरणोत्तर पाच गुन्हे! आक्काला हे कळले असते, तर तिला रुपयांचे नव्हे, नावाचे दुःख झाले असते.

आम्ही त्याला म्हटले, “भंगाराची गोष्ट मागाहून. आधी नोंद काढू आणि वाचू.” पुष्कळ माणसे दंडाचा आकडा ऐकूनच गर्भगळीत होतात, कागद वाचण्याचे धैर्य करीत नाहीत. खरे पाहता आजच्या दंडाचा कागद पुष्कळ बोलतो. कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याच्या सूचनेत छायाचित्र, वाहनक्रमांक, स्थळ, दिवस आणि वेळ असावी, असे २०२१ साली केंद्राने केलेल्या नियमांत म्हटले आहे.

मात्र नोंद एकाच दप्तरात सापडेल असे नाही. केंद्राच्या ई-चलन संकेतस्थळावर चलनाचा क्रमांक, अथवा वाहनक्रमांक व चासी किंवा इंजिनक्रमांकाचे अखेरचे अंक देऊन शोध घेता येतो. महाराष्ट्राच्या वाहतूक पोलिसांचे संकेतस्थळ निराळे, बेंगळूरुच्या वाहतूक पोलिसांचे निराळे. त्यातून या भागाची रचना मौजेची आहे. बोम्मसंद्रा ज्या आनेकल तालुक्यात आहे, तो महसुलाच्या दृष्टीने बेंगळूरु नगर जिल्ह्याचा. परंतु त्याच तालुक्यातील, तमिळनाडूच्या सीमेवरचे अत्तिबेले पोलीस ठाणे बेंगळूरु ग्रामीण पोलिसांच्या अधिकारात. म्हणून प्रत्येक चलनावर दंड कोणत्या ठाण्याने केला, हे आधी पाहावे. तेथेच पुढची वाट कळते.

पाचही चलने काढून आम्ही त्यांतील छायाचित्रे पाहिली. तीन होसूर रस्त्यावरची, एक अत्तिबेलेच्या बाजूचे. चौघांतही स्वार आमचा भाचाच. दोनदा शिरस्त्राणाविना, दोनदा तांबडा दिवा ओलांडताना. त्याच्या तोंडचे पाणी पळाले. पाचवे चलन महाराष्ट्रातील एका मोठ्या शहरातले होते आणि त्या दिवशी स्कूटर बोम्मसंद्र्यात होती. छायाचित्र मोठे करून पाहिले, तो त्यात काळी मोटारसायकल! तिच्या क्रमांकातील चिखल लागलेला तीन यंत्राने आठ म्हणून वाचला होता.

दुसऱ्या दिवशी भाच्याची पाळी दुपारची होती. सकाळी दोघे ठाण्यावर गेलो. आम्हांस कन्नड येत नाही, म्हणून मनात धाकधूक होती. मेजामागच्या हवालदारांनी कागद पाहिले आणि विचारले, “दंड? पावती?” आम्ही चकित होऊन एकमेकांकडे पाहिले. दंड हा शब्द दोन्ही भाषांत एकच. कन्नडमध्ये ‘पावती’ म्हणजे भरणा, आणि आपल्याकडे भरण्याचा पुरावा. कचेरीही तीच, तालुकाही तोच. एवढ्या चार शब्दांच्या पुलावरून आमचे काम पार पडले. कर्नाटकात या गुन्ह्यांस प्रत्येकी पाचशे रुपये दंड. चार चलनांचे दोन हजार रुपये भाच्याने आपल्या पगारातून भरले. ग्रामीण हद्दीतले चलनही त्याने त्याच दिवशी निकालात काढले.

त्या कर्नाटकात २०२३ च्या फेब्रुवारीत आणि पुन्हा २०२५ मध्ये थकलेल्या दंडावर निम्मी सूट मिळाली होती. २०२३ साली अवघ्या काही दिवसांत बेंगळूरुत शंभर कोटींहून अधिक रुपये जमा झाले. तथापि सवलतीची वाट पाहत बसणे हा काही मार्ग नव्हे. वाद मिटत नसेल, तर न्यायालय अथवा लोकअदालत हा मार्ग आहेच.

पाचव्या चलनाचे पैसे मात्र आम्ही भरू दिले नाहीत. आपला दोष नसेल तेथे कटकट टाळण्यासाठी पैसे भरणे म्हणजे खोटी कबुली देणे होय. वाहनाचे नोंदणीपत्र, स्कूटरचे समोरून व मागून घेतलेले छायाचित्र आणि त्या दिवसाचा कारखान्याचा हजेरीपट जोडून त्याने संबंधित पोलिसांकडे रीतसर तक्रार नोंदविली व तिचा क्रमांक वहीत लिहून ठेवला. आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. दंडाच्या नावाखाली भ्रमणध्वनीवर फाइल पाठवून बँकेतील पैसे लुबाडणारे ठग आज पुष्कळ झाले आहेत. अशी फाइल उघडू नये; अधिकृत स्थळी आपण होऊन नोंद पाहावी, आणि फसगत झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ कळवावे.

खरी चूक निराळीच होती. वाहनमालक निवर्तल्यास वारसाने तीस दिवसांच्या आत नोंदणी कार्यालयास कळवावे आणि तीन महिन्यांच्या आत नमुना ३१ भरून वाहन आपल्या नावावर करून घ्यावे, असा नियम आहे. घरात दुःख असते, तेराव्यानंतर माणसे पांगतात, आणि कपाटातल्या नोंदणीपत्राकडे कुणाचे लक्ष जात नाही. वाहन चालविणारा एक आणि नाव दुसऱ्याचे, असे झाले की चुकणारा सुटतो आणि नाव मात्र डागाळते.

परत निघताना भाचा मेट्रोपर्यंत सोडावयास आला. डोक्यावर शिरस्त्राण होते. मागे बसणाऱ्यासाठीही एक नवे घेतले होते. नाक्यावर दिवा पिवळा झाला, तसा त्याने पाय टेकला. मागचा ट्रक कर्णा वाजवीत राहिला. भाचा हलला नाही.

तीन आठवड्यांनी त्याचा फोन आला. पाचवे चलन रद्द झाले होते, आणि नाव बदलण्याच्या अर्जासाठी तो रजा काढून गावी येणार होता. “मामा, आबांच्या नावावर आता काही नाही,” तो म्हणाला. “आईला मीच सांगतो, सगळं.”