समन्स अम्मीच्या नावे आले

मागच्या हिवाळ्यात एका दुपारी पोलीस शिपाई आमच्या मिरजेच्या घरी आला आणि अम्मीची सही घेऊन तिच्या हाती समन्स देऊन गेला. अम्मीने चष्मा लावून कागद वाचला. तिच्या नावाआधी ‘आरोपी’ असा शब्द होता. अठ्ठावीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईने तो शब्द दोनदा वाचला, कागदाची घडी घातली आणि कपाटात निकाहनाम्याच्या शेजारी ठेवून दिली. त्या रात्री ती जेवली नाही.

हे आम्ही दोघे भावंडे मिळून लिहीत आहोत, कारण यात कसूर आमची होती. स्कूटर अम्मीच्या नावावर आहे, पण फिरवतो आम्ही. ई-चलान निघते ते नंबरप्लेटवरून, म्हणून ते जाते गाडीमालकाच्या नावे. गाडीच्या नोंदणीत मोबाइल नंबर आमचा दिलेला होता. म्हणजे चलानचे मेसेज आम्हाला येत होते आणि अम्मीला त्यांचा पत्ताच नव्हता. एकूण दोन चलाने आली होती. पाहू नंतर, असे म्हणत आम्ही वर्षभर काढले. लोकअदालतीत येऊन प्रकरण मिटवा, असाही मेसेज आला होता. तोही आम्ही वाचून सोडून दिला.

इशाच्या नमाजनंतर आम्ही अम्मीपुढे बसलो आणि सारे सांगून टाकले. ती रागावली नाही. एवढेच म्हणाली, “फोटो दाखवा.”

पहिले चलान एका मोठ्या शहरातले होते. लाल सिग्नल तोडला म्हणून. समन्स त्याचेच आले होते. फोटो मोठा करून पाहिला तर त्यात आमची स्कूटर नव्हतीच! काळी मोटारसायकल होती आणि तिच्या चिखलाने माखलेल्या प्लेटवरचा शेवटचा आकडा ८ होता. आमच्या गाडीचा शेवटचा आकडा ३. कुणाच्या तरी नजरेने आठाचा तीन केला होता. तेव्हाच ऑनलाइन तक्रार केली असती तर कदाचित गोष्ट इथवर आली नसती.

दुसरे चलान सांगली रस्त्यावरचे. त्यातली स्कूटर आमचीच होती. तिच्यावर आम्ही दोघेही होतो, आणि दोघांच्याही डोक्यावर हेल्मेट नव्हते.

अब्बांनी दुकानाचा हिशेब बाजूला ठेवला. म्हणाले, “पाचशे रुपयांचा मामला आहे. भरून मोकळे व्हा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये.” थोडे थांबून हळूच पुढे म्हणाले, “आपण लोकांच्या नजरेत न आलेलेच बरे.” त्या वाक्यामागे काय आहे ते आमच्या घरात सगळ्यांना कळते. कुणीच त्यावर बोलले नाही.

आमच्यातल्या थोरल्याने वेगळीच अक्कल चालवली. “एक फोटो चुकीचा निघालाच आहे, तर दुसराही चुकीचा म्हणून सांगू. कॅमेऱ्याचा भरवसा काय?”

अम्मीने त्याच्याकडे नुसते पाहिले. मग म्हणाली, “सूरह निसामध्ये गवाहीबद्दल काय सांगितले आहे, आठवते? स्वतःच्या विरुद्ध जात असली तरी खरी द्यायची. लहानपणी तुम्हा दोघांकडून मी ते पाठ करून घेतले होते. जे केले ते कबूल करायचे. जे केले नाही ते पाचशे रुपये वाचवायला नाही, आणि वेळ वाचवायलाही कबूल करायचे नाही.”

सकाळी सर्वात आधी हेल्मेटचा दंड भरला गेला, तोही आमच्या ट्यूशनच्या कमाईतून. हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही सक्तीचे आहे, चार वर्षांवरील मुलालासुद्धा, हे आम्हाला तेव्हा कळले. मोटार वाहन कायद्यात या गुन्ह्याला १००० रुपये दंड आणि तीन महिने परवाना अपात्र ठरवण्याची तरतूद आहे.

मग समन्स नीट वाचले. कायद्याच्या कलम २०८ नुसार अशा किरकोळ गुन्ह्यांच्या समन्सवर दोन मार्ग लिहिलेले असतात. एक, स्वतः किंवा वकिलामार्फत हजर राहा. दुसरा, गुन्हा कबूल असेल तर तारखेच्या आधी रजिस्टर पत्राने तसे कळवून ठरलेली रक्कम भरा. पैसे भरणे सोपे होते, पण त्यासोबत ‘कबूल’ हा शब्द जात होता. शिवाय याच कायद्याच्या सर्वसाधारण कलमात पहिल्या चुकीला ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० रुपयांपर्यंत दंड आहे. म्हणजे न केलेली पहिली चूकही हिशेबात धरली जाऊ शकते.

वकील कुठून आणायचा? याचे उत्तर मिरजेच्या कोर्टातच मिळाले. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार कोणत्याही स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असले तरी, मोफत वकील मागता येतो. आम्हाला हे ठाऊक नव्हते, अम्मीलाही नव्हते. प्रकरण दुसऱ्या शहरातले असल्याने तिथल्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि एक तरुण वकीलताई मिळाल्या. लोकअदालतीबद्दल विचारल्यावर त्या म्हणाल्या, “तिथे तडजोड होते, खरे-खोटे ठरत नाही. तुम्हाला ‘मी केले नाही’ म्हणायचे असेल तर कोर्टातच म्हणावे लागेल.”

तारखेच्या आदल्या दिवशी एसटीने जाऊन फुफीकडे मुक्काम केला. सकाळी कोर्टात ही गर्दी! बहुतेक लोक दंड भरून पाच-दहा मिनिटांत बाहेर पडत होते. अम्मीच्या नावाचा पुकारा झाला. न्यायाधीश मॅडमनी विचारले, “गुन्हा कबूल आहे का?”

“नाही मॅडम. ती गाडी माझी नाही.”

आवाज शाळेतलाच होता, पण पदराचे टोक तिने मुठीत घट्ट धरले होते. जातमुचलक्यावर सही झाली आणि पुढची तारीख मिळाली. बाहेर बाकावर बसून तिने पाणी मागितले. आम्हाला वर मान करून तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या तारखेला वकीलताईंनी आरसी, आमच्या स्कूटरचे फोटो आणि चलानचा मोठा केलेला फोटो पुढे ठेवला. आरसीवर गाडीचा प्रकार आणि रंगही लिहिलेला असतो. वाहतूक विभागाच्या हवालदारांनी फोटो हातात घेऊन निरखला आणि स्वतःच म्हणाले, “आठच आहे मॅडम.” त्या दिवशी अम्मीची निर्दोष मुक्तता झाली. कुणी टक लावून पाहिले नाही, कुणी नावावरून काही विचारले नाही. घरी आल्यावर अब्बांना हे सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “निकालाची नक्कल काढून घेतली ना?”

दोन फेऱ्यांचा खर्च पाचशेच्या कितीतरी पुढे गेला. अब्बांनी तो वहीत लिहिला, पण अम्मीला ऐकवला नाही.

वाचकहो, चलानचा मेसेज आला तर त्याच दिवशी फोटो उघडून बघा. गाडी, नंबर, जागा, वेळ तपासा. चूक असेल तर लगेच तक्रार करा, आरसी आणि पुरावे जपून ठेवा. चूक आपली असेल तर दंड भरा. गाडी आईच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, तर समन्सवर नाव त्यांचे येते, एवढे ध्यानात असू द्या.

समन्स आणि निकालाची नक्कल आज कपाटात एकाच घडीत आहेत. दाराजवळच्या खिळ्यावर दोन हेल्मेट असतात. आणि गाडीच्या नोंदणीत आता मोबाइल नंबर अम्मीचा आहे.