पुढची तारीख

24 सप्टेंबर 2025, बुधवार
आपट्याच्या आरोग्य केंद्रात आज आमचा मनोविकार तपासणीचा दिवस. डॉक्टरांनी अकरा पेशंट बघितले आणि दोनला ते अलिबागच्या गाडीत बसले. संध्याकाळच्या पनवेल गाडीपर्यंत मी मागे थांबले. सगळ्यात शेवटी वीटभट्टीवाला आला. नाव लिहीत नाही, वही कुणाच्याही हाती पडते. वय सव्वीस, कातकरीवाडीतला, बरोबर आई.

सुईआधी माझी तपासणी. जीभ बाहेर काढ, तशीच धर. एकेक बोट अंगठ्याला टेकव. कोपर माझ्या हातात सैल सोड. आता दारापर्यंत चालून दाखव. जिभेला थरथर नाही, कोपर अडत नाही, पण चालताना डावा हात उजव्यापेक्षा कमी हलला. तेवढं केसपेपरवर लिहून डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, डोस तोच, पुढच्या वेळी पुन्हा बघा.

त्याच्या सुईतलं फ्लुफेनाझिन तिळाच्या तेलात असतं. सुई आणि सिरिंज खडखडीत कोरडी लागते, पाण्याचा अंश राहिला तर औषध गढूळ होतं. कुल्ल्यावरची कातडी एका बाजूला ओढून धरायची, सुई खोल घालायची, तेल दाट म्हणून सावकाश ढकलायचं, दहा आकडे मोजायचे, सुई बाहेर आली की मग कातडी सोडायची. आत गेलेलं तेल त्याच वाटेनं वर येत नाही. चोळायचं नाही. त्याची आई दर वेळी चोळायला हात पुढे करते आणि मी दर वेळी तो धरते.

"रात्री कोण बोलतं का रे?"
"मुकादम बोलतो. पण आता लांबून."

‘लांबून’ हा शब्द त्याचाच, तसाच लिहिला. कार्डावर पुढची तारीख टाकली, 22 ऑक्टोबर. टाकून झाल्यावर कॅलेंडर बघितलं. पाडवा.

28 सप्टेंबर, रविवार
न्यू जर्सीहून भाचीचा फोन. ती तिथे मनोविकारांची नर्स प्रॅक्टिशनर व्हायला शिकतेय. पाया म्हणून तीन विषय: शरीर कसं बिघडतं, औषध कसं चालतं, पेशंट डोक्यापासून पायापर्यंत कसा तपासायचा. मन त्याच्यानंतर. हे मला पटलं. आमच्याकडे ‘डोक्यावर परिणाम’ म्हणून आणलेल्या बाईचं थायरॉइड बिघडलेलं निघतं, ते मी पाहिलंय. शिवाय कुणाच्या तरी देखरेखीखाली शेकडो तास काम, मग परीक्षा. पास झाली की औषध स्वतः लिहून देणार. काही राज्यांत डॉक्टरांशी करार लागतो, काहींत तोही नाही.

तिकडे हे जुनंच. कोलोरॅडोत 1965 साली लॉरेटा फोर्ड नावाच्या नर्सनं हेन्री सिल्व्हर या डॉक्टरांबरोबर नर्स प्रॅक्टिशनरचा पहिला वर्ग काढला. त्याआधी, 1954 मध्ये, भाचीच्याच राज्यात रटगर्सला हिल्डगार्ड पेपलाऊ बाईंनी मनोविकार नर्सिंगचं पदव्युत्तर शिक्षण सुरू केलं होतं. त्यांचं म्हणणं असं, की नर्स आणि पेशंट पहिल्यांदा एकमेकांना परकेच असतात आणि ओळख टप्प्याटप्प्यानं होते. भाचीला यावर दहा मार्कांचा प्रश्न आहे. मला यावर आख्खी वाडी आहे.

"मावशी, तू लिहीतच नाहीस? मग चालवतेस कसं?"

आपल्याकडे नर्स प्रॅक्टिशनर म्हणून अतिदक्षता विभागासाठी दोन वर्षांचा अभ्यासक्रम निघालाय. मनोविकाराची नर्स मात्र एमएस्सी झाली तरी औषध लिहीत नाही. ती बघते आणि कळवते. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू? पण माझी पहिली नोकरीही आठवली. हॅलोपेरिडॉल दिलेल्या एका पोराची मान एका बाजूला वळली, डोळे वर गेले, आई अंगारा शोधायला लागली आणि मी मनात म्हटलं, नाटकं. वरच्या सिस्टरनं मला बाजूला सारून फेनरगन दिलं. अर्ध्या तासात मान सरळ. औषधानं आलेला पेटका होता तो. तेव्हा माझ्या हाती लिहिण्याचा अधिकार असता तर मी काय लिहिलं असतं, कोण जाणे.

30 सप्टेंबर, मंगळवार
अष्टमी. वीटभट्टीवाल्याची आई रेशनच्या रांगेत भेटली. काल तिच्या जावेच्या अंगात आलं. विचारत होती, "बाई, देवी येती तिला सगळे पाया पडतात. माझ्या पोराला मग सुई कशाला?"

पुस्तकातलं उत्तर देता आलं असतं. मी विचारलं, आरती झाल्यावर जाऊबाई काय करतात? म्हणाली, घरी येऊन भाकऱ्या टाकते. आणि हा? हा नदीवर बसला होता तेव्हा? मागे एकदा तो पाताळगंगेच्या काठावर चार दिवस न जेवता बसला होता. ती गप्प राहिली. मग म्हणाली, "भगताकडं पण नेणार." न्या म्हटलं, फक्त उपाशी ठेवू नका, बांधू नका, सुईची तारीख चुकवू नका. साखळीला तर 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं साफ बंदी आहे. भगताशी भांडून मी याआधी दोन पेशंट गमावलेत.

2 ऑक्टोबर, गुरुवार
दसरा. नोकरी आपट्याला आणि सोनं पनवेलच्या बाजारातून. निवडायला बसले तर निम्मी पानं कांचनाची.

15 ऑक्टोबर, बुधवार
दिवाळी झाली की वाडी रिकामी होणार. मुकादमाची उचल घेऊन झाली, ती गणपतीतच खर्च झाली. आता मे महिन्यापर्यंत भट्टी. पाडव्याला केंद्र बंद, आणि ट्रक कधी येईल ते कोण सांगणार? डॉक्टरांना विचारून आठवडाभर आधी, आजच, सुई दिली. डावा हात आज बरा हलत होता. पुढची तारीख 12 नोव्हेंबर.

"रात्री मुकादम बोलला," तो म्हणाला. मी पेन उचललं. मग सुचलं म्हणून विचारलं, कानात बोलला की फोनवर? "फोनवर. अकरा जण पाहिजेत म्हणाला." पेन खाली ठेवलं.

भट्टीजवळच्या सरकारी दवाखान्यासाठी चिठ्ठी लिहायची होती. कायद्याप्रमाणे त्याच्या वतीनं बोलणारं माणूस त्यानंच नेमायचं. आईकडे न बघता त्यानं बहिणीचं नाव सांगितलं. आई रुसली. बहीण त्याच भट्टीवर जाणार आहे, त्यानं बरोबर हिशेब केला होता. चिठ्ठी मुकादमाच्या हाती द्यायची नाही, ही त्याची दुसरी अट. वेड्याला कोण उचल देतो? माझा मात्र पेच झाला. भट्टीचा पत्ता फक्त मुकादमाला ठाऊक, आणि त्याला विचारायचं तर कारण सांगावं लागणार. शेवटी बहिणीनं मार्ग काढला. पोचल्यावर ती गावाचं नाव कळवेल, माझा नंबर चिठ्ठीवर.

डॉक्टरांच्या परवानगीनं एक अँप्युल बरोबर दिली. उजेड लागू नये म्हणून खाकी कागदात गुंडाळली. आईनं ती तांदळाच्या डब्यात खुपसली. रुसवा गेला असावा.

27 ऑक्टोबर, सोमवार
वाडीवर गेले. सात घरांना कुलूप, त्यांचंही. दारात एक पणती उपडी. फोन नाही.

5 नोव्हेंबर, बुधवार
फोन नाही. भाची पेपलाऊंच्या पेपरात पास झाली, 84 टक्के.

12 नोव्हेंबर, बुधवार
साडेबाराला अनोळखी नंबर. लांबच्या तालुक्यातल्या उपकेंद्राची सिस्टर. पेशंट समोर बसलाय, बहीण बरोबर आहे, चिठ्ठी वाचली, त्यांच्या डॉक्टरांशी बोलणं झालंय. आवाजावरून पोरसवदा वाटली.

"मॅडम, हे तेलातलं मी कधी दिलं नाहीये. सुई कोरडी लागते ना?"

खडखडीत, म्हटलं. आणि बहिणीला चोळू देऊ नका. आधी त्याला दारापर्यंत चालवून डावा हात बघाल का? फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग तिचा, "चल रे दादा, दारापर्यंत."

थोड्या वेळानं फोनवर परत आली. हलतोय, म्हणाली. पुढची तारीख 10 डिसेंबर, ती तिनंच मोजून सांगितली.