कागद कोणी दिला?

‘गोपनीय’ हा शब्द आपल्या घरात फारसा लागत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत कसले आले आहे गोपनीय? डब्यात किती भाकरी उरल्या हे शेजारणीलाही ठाऊक असते. तो शब्द असतो सरकारी फाइलवर. पण गेल्या पंधरा वर्षांत असे फाइलबंद कागद इंटरनेटवर फुटू लागले आणि त्यावर निरनिराळ्या सरकारांनी जे केले, ते पाहून हा विषय मला आपल्याच घरचा वाटू लागला आहे.

आधी अमेरिकेचे बघा. २०१० साली ज्युलियन असांज यांच्या ‘विकिलीक्स’ या संकेतस्थळाने एक चित्रफीत जगाला दाखवली. २००७ मध्ये बगदादच्या रस्त्यावरील माणसांवर अमेरिकी हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडल्या गेल्या, त्यात एका वृत्तसंस्थेचे दोन कर्मचारीही मेले, त्याची ती फीत. त्याच वर्षी नोव्हेंबरपासून अमेरिकी वकिलातींच्या अडीच लाख तारा बाहेर येऊ लागल्या. हे सारे पुरवणाऱ्या चेल्सी मॅनिंग या तरुण सैनिकाला ३५ वर्षांची शिक्षा झाली. अध्यक्ष ओबामांनी ती कमी केली म्हणून सात वर्षांनी, २०१७ मध्ये सुटका झाली. असांज जवळजवळ सात वर्षे लंडनमध्ये इक्वेडोरच्या वकिलातीत अडकून पडले, पुढे पाच वर्षे तुरुंगात, आणि जून २०२४ मध्ये एक गुन्हा कबूल करून मायदेशी ऑस्ट्रेलियाला गेले. हेलिकॉप्टरमधून गोळ्या झाडणाऱ्यांवर मात्र खटला झाला नाही.

याहून मजेची गोष्ट म्हणजे अमेरिकी सरकारने आपल्या नोकरांना बजावले की, त्या तारा संगणकावर उघडून वाचायच्या नाहीत. जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आले, चहाच्या टपरीवर चर्चा झाली, तरी नोकराने डोळे मिटून बसायचे!

आपल्याकडे मार्च २०११ मध्ये ‘द हिंदू’ने या तारा छापायला सुरुवात केली. २००८ च्या विश्वासदर्शक ठरावासाठी पैशाच्या पेट्या तयार होत्या, अशा मजकुराची तार निघाली. संसदेत गदारोळ झाला, सरकारने आरोप साफ नाकारला, आणि विषय मागे पडला. पण आपल्या समाजात खळबळ उडाली ती सप्टेंबरात.

तेव्हा बहनजी मायावती उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री होत्या. त्यांच्यावर एका अमेरिकी अधिकाऱ्याने २००८ साली लिहिलेली तार बाहेर आली. तीत म्हटले होते की, बहनजींनी आपल्या आवडीच्या सँडल आणण्यासाठी मुंबईला रिकामे विमान पाठवले. वर्षावास चालू होता. आमच्या धुळ्याच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन व्हायचे. त्या दिवशी वाचन बाजूला राहिले आणि सँडलीवरच बोलणे सुरू झाले. पोरे हसत होती. एक आजी मात्र तापली. म्हणाली, “माझी सासू वाड्यावरून जाताना चपला हातात घेऊन जायची. आता आपली बाई चपला घालते, हेच त्यांना खुपतं.”

आजीचे म्हणणे मला आजही खरे वाटते. त्या गोऱ्या साहेबाने लखनौच्या कोणत्या दिवाणखान्यात बसून ही माहिती गोळा केली असेल याची कल्पना करायला फार डोके लागत नाही. तारेत पुरावा नव्हता, ऐकीव गप्पा होत्या. ‘गुप्त’ असा शिक्का बसला म्हणून गप्पा खऱ्या होत नाहीत. ऐकले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. त्यात वकिलातीची तारही आलीच.

पण बहनजींनी उत्तर काय दिले? त्या म्हणाल्या, असांज वेडा आहे. त्याच्या देशाने त्याला वेड्यांच्या इस्पितळात घालावे, तिकडे जागा नसेल तर मी आग्र्याला जागा करून देते. असांज यांनीही उलट टोला हाणला की, मला न्यायला ते खाजगी विमान पाठवा, येताना उत्तम ब्रिटिश पादत्राणे घेऊन येतो. आमच्या विहारातला एक पोरगा म्हणाला, “आग्रा रोड तर आपल्याच धुळ्यातून जातो, इथूनच बसवून देऊ.” सगळे हसले. मला हसू आले, पण बरे वाटले नाही. विमानाच्या नोंदी लोकांपुढे ठेवल्या असत्या तर तार तिथेच खोटी पडली असती. आपली बाई खुर्चीवर बसली, आणि बोलली मात्र खुर्चीसारखीच.

खुर्चीची ही भाषा आपल्याला नवी नाही. गौतम धर्मसूत्रात (हा गौतम वेगळा, गैरसमज नको) शूद्राने वेद ऐकला तर त्याच्या कानात वितळलेले शिसे आणि लाख ओतावी असे सांगितले आहे. वेद मोठ्याने म्हणणाऱ्याला शिक्षा नाही, ऐकणाऱ्या कानाला. उलट महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदाला सांगतात की, मी मुठीत झाकून काही ठेवलेले नाही. एका बाजूला उघडा हात आणि दुसऱ्या बाजूला शिसे.

इंग्रजांनी १९२३ साली केलेला शासकीय गुपिते कायदा आजही लागू आहे. त्यातही गुप्त कागद देणारा जसा गुन्हेगार, तसाच जाणूनबुजून घेणाराही. राफेल विमानांच्या खरेदीचे कागद २०१९ मध्ये छापून आले, तेव्हा ६ मार्चला सरकारच्या ॲटर्नी जनरलनी सर्वोच्च न्यायालयात याच कायद्याचा आधार घेतला. कागद मंत्रालयातून चोरीला गेले, असे ते म्हणाले. दोन दिवसांनी म्हणाले, चोरी नव्हे, झेरॉक्स. चोरीची फिर्याद द्यायची म्हणजे माल आपलाच आहे हे कबूल करणे आले! १० एप्रिलला न्यायालयाने सरकारचा आक्षेप फेटाळला आणि ते कागद विचारात घेता येतील असे ठरवले. नोव्हेंबरात फेरविचार याचिका फेटाळल्या गेल्या हेही सांगायला हवे. पण कागद वाचायचाच नाही, ही गोष्ट न्यायालयाने मानली नाही.

त्याच वर्षी बेकारीचा सरकारी अहवाल दडवून ठेवला म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाच्या दोन सदस्यांनी राजीनामे दिले. जानेवारीत अहवाल फुटला. २०१७-१८ मध्ये बेकारी ६.१ टक्के, पंचेचाळीस वर्षांतली सर्वांत जास्त. सरकारी उत्तर आले, हा अंतिम अहवाल नव्हे. निवडणूक झाली, निकाल लागला, आणि ३१ मे रोजी अहवाल अधिकृतपणे निघाला. आकडा तोच, ६.१. एमआयडीसीच्या गेटवर उभ्या राहणाऱ्या आपल्या पोरांना तो आकडा आधीच पाठ होता, ही गोष्ट वेगळी.

सगळे कागद उघडे करावेत असे मी म्हणत नाही. अत्याचाराची तक्रार देणाऱ्या बाईचे नाव, पेशंटचा रिपोर्ट, या गोष्टी झाकलेल्याच बऱ्या. विकिलीक्सनेही २०११ मध्ये सगळ्या तारा नावांसकट टाकल्या, तेव्हा आधी त्यांच्यासोबत काम केलेल्या वर्तमानपत्रांनीच निषेध केला होता.

आता घरचे सांगतो. जळगावच्या घरकुल प्रकरणामुळे आपल्या भागात घरकुलाचा कागद म्हटला की लोक कान टवकारतात. २००६ साली महापालिकेच्या आयुक्तांनीच फिर्याद दिली आणि ऑगस्ट २०१९ मध्ये धुळ्याच्या विशेष न्यायालयात ४८ जणांना शिक्षा झाली. पुढे अपिले झाली. माझा भाचा एका कार्यालयात कंत्राटी संगणक चालक होता. रमाई आवास योजनेच्या यादीत आमच्या वस्तीतल्या चौदा नावांवर रेघ मारलेली त्याला दिसली. बहुतेक बाया विधवा, मोलमजुरी करणाऱ्या. त्याने मोबाइलवर फोटो काढला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकला. तिसऱ्या दिवशी कार्यालयात सगळ्यांचे मोबाइल तपासले गेले. त्याला नोटीस मिळाली, तीत एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारला होता: कागद कोणी दिला? चौदा नावांवर रेघ का मारली, हे कोणीही कोणाला विचारले नाही. महिनाअखेर त्याचे कंत्राट संपले ते संपलेच. बहीण डोक्याला हात लावून बसली, “तुले काय पडेल व्हतं?”

खरे तर ती यादी गुप्त नव्हतीच. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ प्रमाणे अनुदानाच्या योजनांतील लाभार्थ्यांची माहिती कार्यालयाने न मागता, आपणहून जाहीर करायची असते. म्हणून आम्ही दुसरा रस्ता धरला. नऊ बायांनी अर्ज केले. दारिद्र्यरेषेखालील दाखला असलेल्यांना फी नाही, बाकीच्यांनी दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावले. सह्या करताना दोघींनी अंगठा नको म्हणून नाव गिरवले, त्याला पाऊण तास गेला. अठ्ठाविसाव्या दिवशी उत्तर आले. तीच यादी, त्याच रेघा, फक्त खाली गोल शिक्का. कारणाच्या रकान्यात सहा जणींपुढे ‘पक्के घर आहे’ असे लिहिले होते. त्यांतल्या चौघी पत्र्याच्या खोपटात राहतात. घराचे फोटो जोडून त्यांनी हरकत घेतली. दोघींची नावे परत लागली, दोघींचे अपील चालू आहे.

भाचा सध्या जळगावला एका डाळ मिलमध्ये हिशेब लिहितो. नोटिशीचे उत्तर आम्ही दोघांनी मिळून लिहिले होते, रजिस्टर पोस्टाने पाठवले. त्यात शेवटी रेघांचे कारण विचारले होते. त्या पत्राला अजून उत्तर आलेले नाही.