कोवळी वाइन आणि नगरचा ‘साकीनामा’

१/ मद्याचे गुण गाणारे एक विख्यात फारसी काव्य आपल्या नगरच्या दरबाराशी जोडलेले आहे. इराणहून आलेल्या जुहूरी या कवीने आपला ‘साकीनामा’ दुसऱ्या बुऱ्हाण निजामशहाला (१५९१–९५) अर्पण केला. साकी म्हणजे प्याला भरून देणारा.

२/ हे काव्य मनात घोळत असतानाच नाशिककडची शिराझ द्राक्षाची कोवळी रेड वाइन चाखली. रंग गर्द, गंध पिकल्या जांभळांचा. पण घोट घेताच हिरड्या आवळल्या. वाइन वाईट नव्हती. तिला अजून काळ हवा होता.

३/ हा तुरटपणा द्राक्षाच्या साली-बियांतील टॅनिनचा. बाटलीत वर्षे सरतात तशी टॅनिन परस्परांशी व रंगद्रव्यांशी जुळतात, काही गाळ होऊन तळाशी बसतात आणि घोट मऊ होतो. त्यासाठी अंधार व १२ ते १५ अंशांचे स्थिर तापमान लागते. नगरच्या उन्हाळ्यात फडताळातली बाटली मुरत नाही, बिघडते.

४/ दरबारांनाही अशी निवांत वर्षे लागतात. निजामशाहीला ती लाभली नाहीत. १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला आणि त्याच वर्षाअखेरीस मोगलांचा वेढा पडला. चांदबिबीने किल्ला झुंजवला. १६०० मध्ये तो गेला.

५/ जुहूरी विजापुरी स्थिरावला. इब्राहीम आदिलशहाच्या ‘किताब-ए-नवरस’ला त्याने प्रस्तावना लिहिली. नगरात उमललेली प्रतिभा मुरली ती दुसऱ्या दरबारात. म्हणूनच भुईकोट किल्ल्यापाशी मला हरलेल्या लढाईहून न मिळालेल्या वर्षांचीच हळहळ अधिक वाटते.