इंजिन नवे, पण पंप कोणता?

आमच्या भाच्याची मारुती ओम्नी आहे. बोईसर स्टेशन ते तारापूर एमआयडीसी अशी पाळीच्या कामगारांची ने-आण करून तो घर चालवतो. ओम्नीचे उत्पादन २०१९ साली बंद झाले आणि दुसरी गाडी घेण्याची ऐपत नाही. म्हणून इंजिन धूर ओकू लागले तेव्हा बहिणीने महिला बचत गटातून कर्ज काढले. रीबोअर झाले, नवे पिस्टन आले, क्रँक घासून नवी मेटल बसली. शेवटी प्रश्न उरला ऑईल पंपाचा.

भाचा म्हणाला, "मामा, जुना पंप चालू आहे. तेवढेच पैसे वाचतील." दुकानदार डुप्लिकेट पंप स्वस्तात देत होता. भाच्याच्या मित्राचे म्हणणे, जास्त तेल फेकणारा मोठा पंप घ्या. आम्ही पडलो कारकून. खर्चाला मंजुरी देण्याआधी तो कशासाठी, हे विचारण्याची आम्हाला सवय. मिस्त्रींनी नीट समजावून सांगितले.

ओम्नीच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या इंजिनात हा पंप क्रँकच्या पुढच्या टोकावर बसतो आणि क्रँकबरोबरच फिरतो. खालच्या चेंबरमधले तेल जाळीतून ओढून तो फिल्टरमार्गे मेटलकडे ढकलतो. पंपाचे काम तेल ढकलण्याचे. दाब तयार होतो तो मेटलच्या बारीक फटीतून तेलाला वाट काढावी लागते म्हणून. मेटल झिजली, फट वाढली की दाब उतरतो. मेटल नवी असताना कंपनीच्या मापाचा पंप पुरेसा असतो. मोठ्या पंपाचे जादा तेल रिलीफ व्हॉल्व्हमधून परतच जाते आणि इंजिनची ताकद फुकट खर्च होते.

मग जुना का नको? जुन्या मेटलचा कीस तेलाबरोबर त्याच पंपातून गेलेला असतो. मिस्त्रींनी पंप उघडला, तर आत ओरखडे होते. फिलर गेज लावला, तर फट मर्यादेबाहेर गेलेली. वाद तिथेच मिटला. माप बरोबर आले असते तर जुना पंप धुऊन वापरायला आमची हरकत नव्हती. इंजिन नंबर दाखवून ओरिजनल पंप घेतला, जुन्याशी ताडून पाहिला आणि पक्के बिल घेतले.

बसवतानाही घाई केली नाही. तेलाचे मार्ग आणि जाळी धुतली, पंपात आधी तेल भरले. प्लग काढून, दाबाचा दिवा विझेपर्यंत सेल्फ मारला. त्यानंतरच इंजिन चालू केले.

पंपावर वाचवलेले पैसे क्रँक जाम झाल्यावर कितीतरी पटीने जातात, आणि कर्जाचा हप्ता गाडी धावली तरच फिटतो. त्यातही हे कर्ज गटातल्या दहा घरांच्या घामाचे. म्हणून गाडीवर पोट असलेल्या आमच्या बांधवांना सांगणे एवढेच: आधी मोजा, मग खरेदी करा. आणि चालत्या गाडीत तेलाचा लाल दिवा लागला तर "स्टेशनपर्यंत नेऊ" म्हणू नका. तिथेच इंजिन बंद करा.