जुने कागद, नवा पडदा

माझा जुना लॅपटॉप बंद पडला तो तंजावर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, मामांच्या ओसरीवर. पोंगलचा सण दोन दिवसांवर आला होता. सांबा हंगामातील भाताची कापणी सुरू झाली होती आणि रस्त्याच्या कडेला वाळत घातलेल्या भाताचा वास घरापर्यंत येत होता. मी पुण्याहून निघताना मनाशी ठरवले होते, की या खेपेस पेटीतील उरलेले सर्व कागद संपवायचे. दुसऱ्याच सकाळी लॅपटॉपचा पडदा एकदा लुकलुकला, आडव्या रेघा उमटल्या आणि मग सारे काळे झाले.

ही पेटी काय आहे, ते आधी सांगायला हवे. माझे आजोळ तिरुवैयारूच्या पुढे, कावेरीच्या एका फाट्याकाठी आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजी राजांनी तंजावरला भोसल्यांचे राज्य स्थापन केले. त्यानंतर अनेक मराठी कुटुंबे कारकुनी, शिपाईगिरी, पौरोहित्य अशा निमित्तांनी या मुलखात येऊन राहिली. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी राजे निधन पावले आणि राज्य संपले, पण कुटुंबे राहिली. त्यांची मराठी आजही घरात बोलली जाते. तिच्यात तमिळ शब्द मिसळले आहेत, आणि आपल्याकडे केव्हाच मागे पडलेली काही जुनी रूपे तिच्यात टिकून आहेत. माझ्या आईच्या माहेरी अशीच एक सागवानी पेटी आहे. तिच्यात भाताचे हिशेब, देण्याघेण्याच्या चिठ्ठ्या, दानाचे कागद असे सुमारे तीनशे कागद आहेत आणि जवळजवळ सर्व मोडी लिपीत आहेत.

आमच्या घराण्यात मोडी सहज वाचू शकणारे आता एकटे मामाच उरले आहेत. त्यांचे वय ब्याऐंशी. मी मराठीची एम. ए., पाठ्यपुस्तकांच्या कामात आयुष्याची कित्येक वर्षे गेलेली. पण मोडीचा एक कागद वाचायला मला दुपार पुरत नाही. हे कबूल करताना थोडे ओशाळायला होते. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढून घेतो आणि मग लेखणी फारशी न उचलता तिच्याखाली अक्षरे लिहीत जातो. शब्द वेगळे तोडलेले नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. वाचणाऱ्याला अक्षरांइतकाच त्या काळचा व्यवहारही ठाऊक असावा लागतो. तो मामांना ठाऊक आहे.

मात्र मामांची नजर आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया झाल्या, तरी बारीक अक्षर त्यांना दिसत नाही. भिंग घेतले तर एका वेळी दोन-तीनच अक्षरे दिसतात आणि वाक्याचा धागा तुटतो. शिवाय कागद इतके ठिसूळ झाले आहेत, की हाताळताच त्यांच्या कडा झडतात. म्हणून आम्ही एक रीत बसवली. प्रत्येक कागद एकदाच बाहेर काढायचा, सपाट ठेवून त्याचे छायाचित्र घ्यायचे आणि पुन्हा कापडात बांधायचा. पुढचे सर्व वाचन पडद्यावर, चौपट मोठे करून. मामा वाचतात, मी लिहून घेते.

सांगायचे ते हे, की हा लॅपटॉप माझा असला तरी त्यातून पाहायचे ते मामांना होते. दुकानात जाईपर्यंत हे माझ्याही नीटसे ध्यानात आले नव्हते.

दुरुस्ती करणाऱ्याने लॅपटॉप उघडून पाहिला आणि मान हलवली. बारा वर्षांचे यंत्र. मुख्य पाटीच गेली होती. हार्ड डिस्क शाबूत होती, हे मोठेच भाग्य, कारण आधीच्या खेपेची निम्मी छायाचित्रे अन्यत्र कोठेही ठेवलेली नव्हती. हा माझाच निष्काळजीपणा. तसेही त्या यंत्रात विंडोज १० होते आणि २०२५ च्या ऑक्टोबरात त्या प्रणालीला मिळणारी नेहमीची सुरक्षेची मदत थांबली होती. नवी प्रणाली इतक्या जुन्या यंत्रावर रीतसर चालत नाही. म्हणजे बदल कधीतरी करावा लागणारच होता.

मामांचा नातू तंजावरला अभियांत्रिकी शिकतो. तो माझ्याबरोबर बसने आला. वाटेत त्याने मला पुरते शिकवून टाकले. त्याच्या मते उत्तम लॅपटॉप म्हणजे खेळांसाठी असतो तो, वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेला. “आत्या, फोटोचं काम म्हणता ना, मग हाच घ्या,” असे तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी म्हटले, “अरे, मला कागद वाचायचे आहेत, लढाया करायच्या नाहीत.” तसे कार्ड चलच्चित्रांच्या संकलनाला आणि काही विशेष कामांना फार उपयोगी पडते, हे खरे. परंतु एका पानाचा उजेड वाढवणे, रंग सुधारणे, कडा कापणे एवढ्या कामास साधे, प्रोसेसरमध्येच असलेले ग्राफिक्स पुरते. वेगळ्या कार्डाने वजन वाढते, पंखा घोंघावतो आणि बॅटरी लवकर उतरते. मामांच्या ओसरीवर वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो.

दुकानात विक्रेत्याने प्रथम प्रोसेसरचे नाव सांगितले, मग रॅम सांगितली, मग सवलत सांगितली. पडद्याविषयी त्याने एवढेच सांगितले, की तो ‘फुल एचडी’ आहे. पडद्यावर ठिपके किती, हे त्यावरून कळते. पण रंग किती खरे दिसतात, हे कळत नाही. छायाचित्रे पाहण्यासाठी रंगांचा एक सर्वमान्य संच ठरलेला आहे, त्याला एसआरजीबी म्हणतात. स्वस्त लॅपटॉपच्या माहितीपत्रकात पुष्कळदा बारीक अक्षरात ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. वाचणाऱ्याला ते काही विशेषच वाटते. प्रत्यक्षात असा पडदा त्या सर्वमान्य संचातील साधारण साठ-पासष्ट टक्केच रंग दाखवू शकतो. लाल विटकरी दिसतो आणि तपकिरी राखाडीकडे झुकतो. ज्याला पत्रे लिहायची आणि बातम्या वाचायच्या त्याचे त्यावाचून अडत नाही. माझे अडत होते.

मी एक युक्ती केली होती. पेटीच्या तळाशी एका कागदाचा कोरा, झडलेला तुकडा सापडला होता. त्यावर वाळवीचा तपकिरी डाग होता आणि कोपऱ्यात शाईचा एक फराटा. तो तुकडा मी पाकिटात घालून नेला होता आणि त्याचे छायाचित्र पेन ड्राइव्हवर घेतले होते. छायाचित्र घेताना शेजारी पांढरा-करडा पुठ्ठा ठेवला होता, म्हणजे पांढरा रंग कोणता, हे संगणकाला सांगता येते. दुकानातल्या पाच लॅपटॉपांवर तेच छायाचित्र उघडले आणि प्रत्येकापुढे तो तुकडा धरला. विक्रेता आधी हसला, मग स्वतःच वाकून पाहू लागला. दोन पडद्यांवर डाग आणि शाई एकाच रंगाची दिसली. एकावर ती वेगळी दिसली, पण मी किंचित बाजूला सरकताच रंग पालटले. उरलेल्या दोन पडद्यांवर डाग डागासारखा आणि शाई शाईसारखी होती. त्यांच्या माहितीपत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे लिहिले होते, ते मी नंतर वाचले.

त्या दोहोंपैकी एक तेरा इंची होता, वजन सव्वा किलो, दिसायला देखणा. पडदा ओएलईडी जातीचा, काळा रंग असा गडद की पाहत राहावे. दुसरा सोळा इंची, जवळपास दोन किलोंचा, पडदा चकाकी नसलेला. मला पहिला हवा होता. पुणे ते चेन्नई, चेन्नई ते तंजावर, पुढे बस. माझ्या खांद्याला सव्वा किलो आणि दोन किलो यांतला फरक चांगला कळतो. नातवालाही तोच आवडला.

मी तो मिटून पुन्हा उघडला, तेव्हा त्याच्या चकचकीत काचेत दुकानाचा दिवा आणि माझाच चेहरा दिसला. मामा सकाळी ओसरीवर वाचायला बसतात. समोर अंगण, अंगणात ऊन. तेरा इंचांत अक्षर चौपट केले, की ओळीचे एक टोक पडद्याबाहेर जाते, आणि मोडीत ओळीचे टोक हरवले की अर्थ हरवतो. मी दोन्ही लॅपटॉप दाराशी, उजेडात नेऊन ठेवायला सांगितले. तिथे काहीच ठरवायचे उरले नाही.

याच तंजावरात सरफोजी राजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ या काळात गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी, नेत्ररुग्णांच्या नोंदी ठेवल्या होत्या. त्या सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेल्या आहेत. नोंदींबरोबर रुग्णाच्या डोळ्याचे रंगीत चित्र काढलेले असे. त्यांपैकी काहींच्या प्रतिमा मी पुस्तकात पाहिल्या आहेत. पांढऱ्या बुबुळावरची लाली चित्रकाराने किती जपून उतरवली आहे! तो रंग चुकला असता, तर ते चित्र वैद्याच्या काय कामाचे होते? परतीच्या बसमध्ये दोन किलोंचे ओझे मांडीवर घेऊन बसले असता मला त्या चित्रांची आठवण आली.

बाकीच्या गोष्टी लवकर ठरल्या. रॅम सोळा जीबी घेतली. विक्रेता म्हणत होता, आठ पुरेल, पुढे वाढवता येईल. परंतु पुष्कळ नव्या लॅपटॉपांत रॅम पाटीलाच जोडलेली असते आणि मग ती वाढवता येत नाही. हे घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. साठवणुकीला ५१२ जीबीची एसएसडी. माझ्या कॅमेऱ्याचे एक मूळ, न दाबलेले छायाचित्र साधारण २५ एमबीचे होते; तीनशे कागदांच्या दोन्ही बाजू धरल्या तरी १५ जीबी होतात. तेव्हा अधिक मोठ्या एसएसडीवर खर्च करण्याऐवजी मी दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घेतल्या. एक पुण्यात राहते, एक मामांच्या घरी. मराठी लिहिण्यासाठी विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक असतोच. छायाचित्रांसाठी गिम्प आणि डार्कटेबल ही विनामूल्य मिळणारी साधने घातली. पैसे ठरवल्यापेक्षा सात हजारांनी जास्त गेले. मोडी लिपीला २०१४ मध्ये युनिकोडमध्ये स्थान मिळाले आहे, त्यामुळे एखादे अक्षर मोडीतच लिहून ठेवता येते. नातवाला हे ऐकून फार नवल वाटले. “म्हणजे आजोबांची लिपी यात आहे?” त्याने विचारले. त्या रात्री त्याने स्वतःचे नाव मोडीत कसे दिसते ते काढून पाहिले.

पडदा कितीही चांगला असला, तरी छायाचित्र घेतानाच उजेड चुकला तर तो भरून काढत नाही, हेही सांगून ठेवते. बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात १८०३ मध्ये कोरलेला भोसले वंशाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. पहिल्या वेळी मी त्याची छायाचित्रे भर दुपारी घेतली. सारी अक्षरे सपाट आणि फिकी आली. पुढे एकदा ऊन तिरपे असताना गेले, तेव्हा प्रत्येक अक्षराच्या खाचेत सावली भरली होती. दुपारची छायाचित्रे नव्या लॅपटॉपवरही तशीच फिकी दिसतात.

पोंगलच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मामा ओसरीवर बसले. मी त्यांच्यापुढे तो मोठा पडदा ठेवला आणि गेल्या वर्षी अडलेला कागद उघडला. तो एका छत्राला भात दिल्याचा कागद आहे. मामांच्या मते तो शेवटच्या शिवाजी राजांच्या काळातला असावा. भात किती कलम, कोणत्या शेतातले, हे सर्व लागले होते. अडले होते ते देणाऱ्या बाईच्या नावापाशी. आमच्या घराण्यात तिला केवळ ‘काशीला गेलेली आजी’ म्हणतात. तिचे नाव कोणालाच ठाऊक नाही. वंशावळीत तिच्या नवऱ्याच्या नावाखाली नुसती रेघ आहे. कागदावर पहिल्या अक्षराच्या माथ्यावर एक ठिपका होता. तो अनुस्वार असेल तर नाव गोंदा, नसेल तर गोदा. जुन्या पडद्यावर तो ठिपका आणि अक्षर एकाच राखाडी रंगाचे दिसत, म्हणून मामांनी निर्णय दिला नव्हता.

मामा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “अगं, हा तपकिरी आहे. शाई काजळाची, ती काळी. हा वाळवीचा डाग.”

मी लगेच लिहू लागले, तशी त्यांनी मला थांबवले. मोडीत अनुस्वार पुष्कळदा देतच नाहीत. ठिपका नाही एवढ्यावरून गोदा ठरत नाही. त्यांनी मला पान खाली-वर न्यायला लावले. ‘शंकर’ सापडले, ‘पंत’ दोनदा सापडले. तिन्ही ठिकाणी याच हाताने काळा, ठसठशीत ठिपका दिला होता.

“देणारा माणूस आहे हा,” मामा म्हणाले. “न चुकता देतो. तिच्यावर नाही दिला, म्हणजे गोदाच.”

नातू दारात उभा होता. त्याने विचारले, “गोदा म्हणजे?”

“गोदावरी,” मामा म्हणाले. “तिकडची नदी. आपल्या मुलखातली.” त्यांनी हाताने उत्तरेकडे दाखवले. मामा स्वतः आयुष्यात एकदाही नाशिकला गेलेले नाहीत.

आतून मामींनी कॉफी आणली. मामांनी पितळी पेला बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, “हो, पुढचा कागद लाव.”